ब्रेकचा लाल दिवा पॅडकडे बघतच नाही

महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरकडे उतरत होतो. मागच्या सीटवर आई आणि दोन्ही मुलं, स्टिअरिंगवर मी. एका वळणावर मीटरमध्ये लाल दिवा क्षणभर लागला आणि विझला. गोल, गोलाच्या आत उद्गारचिन्ह, दोन्ही बाजूंना कंस. पुढचं वळण आलं, ब्रेक दाबला, पुन्हा लागला. गाडी सरळ झाली की विझायचा. हँडब्रेक पूर्ण खाली होता. पेडल नेहमीच्या जागी होतं, गाडी नेहमीसारखी थांबत होती. काहीच बिघडलेलं जाणवत नव्हतं, आणि त्यामुळेच जास्त भीती वाटली.

घाट संपल्यावर जे पहिलं गॅरेज दिसलं तिथे थांबलो. तिथल्या माणसाने बॉनेट उघडलं, ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण फिरवलं, बाटलीतून ऑइल ओतलं. दिवा गेला. "काही नाही ताई, ऑइल कमी झालं होतं. आता बिनधास्त जा." मी खरंच बिनधास्त गेले. दोन महिने तो दिवा पुन्हा लागला नाही.

मग एक दिवस पुण्यात सिग्नलला थांबताना पुढच्या डाव्या चाकातून आवाज आला. शिट्टीसारखा नव्हे, तर पाट्यावर कुणी लोखंड घासतंय असा खर्रर्र. आमच्या नेहमीच्या मिस्त्रींनी चाक उतरवलं, कॅलिपर म्हणजे ब्रेकचा चिमटा वर केला आणि आतल्या बाजूचा ब्रेक पॅड काढून माझ्या तळहातावर ठेवला. पॅड म्हणण्यासारखं त्यावर काही उरलंच नव्हतं. नुसती पोलादी पट्टी, तापून निळसर पडलेली, तिच्यावर आडव्या चकचकीत रेघा. तशाच रेघा डिस्कवरही, नख फिरवलं तर अडकेल इतक्या खोल. मिस्त्रींनी विचारलं, "मध्ये कधी लाल दिवा लागला होता का? आणि कुणी ऑइल भरून दिलं का?" दोन्ही प्रश्नांना उत्तर हो होतं. ते म्हणाले, "दिव्याने सांगायचं ते सांगितलं होतं. ऑइल टाकून त्याचं तोंड बंद केलं."

त्या दिवसापासून मी हा विषय समजून घेतला. आपल्याकडे गाडी चालवणाऱ्या बहुतेकांचा एक पक्का समज आहे: पॅड संपले की मीटरमध्ये दिवा लागेल, तोवर काळजी नाही. आपल्या रस्त्यांवरच्या बहुसंख्य लहान गाड्यांच्या बाबतीत हा समज चुकीचा आहे. त्यांत पॅडवर नजर ठेवणारं विजेचं काहीही नसतं. तो लाल दिवा मुख्यतः दोनच गोष्टी बघतो. एक, हँडब्रेक ओढलेला आहे का. दोन, डबीतलं ब्रेक ऑइल ठरावीक पातळीच्या खाली गेलंय का. पॅडची बातमी त्याच्यापर्यंत पोचते ती आडवळणाने, आणि ते आडवळण कळलं तरच तो दिवा नीट वाचता येतो.

आधी ब्रेक म्हणजे काय ते पाहू. चाकाबरोबर एक लोखंडी तबकडी फिरते, ती डिस्क. तिला दोन्ही बाजूंनी कवेत घेऊन बसलेला असतो कॅलिपर. कॅलिपरमध्ये डिस्कच्या आत एक आणि बाहेर एक असे दोन पॅड. पेडल दाबलं की पेडलला जोडलेल्या मास्टर सिलिंडरमधलं ऑइल नळ्यांतून चाकाकडे ढकललं जातं, ते कॅलिपरमधल्या पिस्टनला पुढे सारतं आणि दोन्ही पॅड डिस्कला चिमटीत धरतात. बंद भांड्यातल्या द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो, हा शाळेत शिकलेला पास्कलचा नियम इथे दर वेळी पाय ठेवला की काम करतो. पेडलचा पिस्टन लहान, चाकाजवळचा मोठा, म्हणून पायाच्या साध्या जोराचं चाकाशी कितीतरी मोठं बळ होतं.

पण या सगळ्यात ब्रेक खरं काम करतो ते वेगाची उष्णता करण्याचं. आकडा डोळ्यांसमोर ठेवला की हे पटतं. माणसं आणि सामान धरून १२०० किलोची गाडी ताशी ८० किलोमीटर वेगात आहे. ती पूर्ण थांबवताना जेवढी उष्णता तयार होते, तेवढ्यात एक लिटर साधं पाणी उकळीला येईल. एका थांबण्यात एक लिटर. तोच वेग ४० असता तर पाव लिटर, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. वेग दुप्पट की उष्णता चौपट. आता घाट घ्या. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १३५० मीटरवर, पोलादपूर पार पायथ्याशी. एवढी उंची उतरताना त्याच गाडीची जी ऊर्जा मोकळी होते, तिच्यात पन्नास लिटर पाणी उकळेल. त्यातली काही टायर आणि वारा खातात. उरलेली एक तर इंजिनाने खायची, नाही तर तळहाताएवढ्या चार पॅडनी. घाटात दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरा असं जुने ड्रायव्हर कळकळीने सांगतात, त्याचं कारण हे आहे.

पॅड झिजायचाच, ते त्याचं कामच आहे. डिस्क टिकावी म्हणून पॅड झिजतो. ही युक्ती मोटारीएवढीच जुनी आहे. ऑगस्ट १८८८ मध्ये बर्था बेंझ आपल्या दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्ट्सहाइमला, शंभरेक किलोमीटरवर, नवऱ्याने बनवलेल्या मोटारीतून निघाल्या. मोटारीतला तो पहिला लांबचा प्रवास. उतारांवर लाकडी ब्रेक झिजत चालले, तेव्हा त्यांनी वाटेत एका चांभाराकडून त्या ठोकळ्यांवर चामडं ठोकून घेतलं. ब्रेकचं पहिलं लायनिंग, म्हणजे घासून झिजणारा थर, तो. उतारावर ब्रेक झिजतोय हे त्यांना कुठल्या दिव्याने सांगितलं नव्हतं. त्यांनी स्वतः बघितलं होतं.

पायाला का कळत नाही

सायकलचा ब्रेक आठवा. रबर झिजत गेलं की दांडी दर महिन्याला थोडी जास्त दाबावी लागते, शेवटी ती हँडलला टेकते. म्हणजे झीज हाताला कळते. मोटारीच्या डिस्क ब्रेकमध्ये तसं होत नाही, आणि माझ्या मते या सगळ्या विषयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे.

कॅलिपरमधल्या पिस्टनभोवती रबराचं एक चौकोनी कडेचं सील असतं. पेडल दाबलं की पिस्टन पुढे सरकतो आणि सील त्याच्याबरोबर जरासं पिळतं. पाय काढला की सील मूळ आकारात येताना पिस्टनला केसभर मागे ओढतं; पॅड डिस्कपासून सुटतो. पण पॅड थोडा झिजला असेल तर पिस्टनला जास्त पुढे जावं लागतं, सीलच्या पिळापेक्षा जास्त. मग तो सीलमधून किंचित घसरतो आणि नव्या जागी बसतो. पुढच्या वेळी तिथूनच सुरुवात. अशा रीतीने पॅड आणि डिस्क यांच्यातलं अंतर कायम तेवढंच राहतं. पॅड नवा असो की संपत आलेला, पेडल तितकंच दाबावं लागतं. डिस्क ब्रेक आपली झीज आपणच भरून काढतो. आपल्याला सोय होते, पण पायाला बातमी मिळत नाही.

मग ही झीज जाते कुठे? ती ऑइलच्या डबीत दिसते. पिस्टन जितका बाहेर येऊन बसेल तितकी त्याच्यामागे जागा रिकामी होते आणि ती डबीतल्या ऑइलने भरते. हिशेब अवघड नाही. मध्यम गाडीच्या पिस्टनचा व्यास ५४ मिलिमीटर धरू. चाकातले दोन्ही पॅड ८-८ मिलिमीटर झिजले, तर एका चाकात सुमारे ३५ मिलिलिटर ऑइल जास्त मावतं. पुढच्या दोन चाकांचं मिळून ७० मिलिलिटर, म्हणजे जवळजवळ एक कटिंग चहा. डबी लहान असते, तिच्यातून एक कटिंग कमी झालं की पातळी 'मॅक्स'च्या रेघेवरून 'मिन'कडे येते. डबीत एक तरंगणारा गोळा असतो, त्यात चुंबक. गोळा खाली आला की चुंबकाजवळचा बटणवजा स्विच जोडला जातो आणि लाल दिवा लागतो. पातळी अगदी काठावर असेल तर वळणावर, चढ-उतारावर, जोरात ब्रेक दाबल्यावर ऑइल डबीत हेलकावतं, गोळा क्षणभर खाली जातो. म्हणून आमचा दिवा वळणावर लागत होता आणि सरळ रस्त्यावर विझत होता.

तर मग लाल दिवा चालता-चालता लुकलुकतोय, ब्रेक नीट लागतोय, तर अर्थ दोनपैकी एक. पॅड झिजून ऑइल खाली उतरलंय, किंवा कुठून तरी ऑइल गळतंय. दोन्हींतला फरक न बघता नुसतं ऑइल भरणं म्हणजे ताप का आला ते न बघता गोळी देणं. ब्रेकची यंत्रणा ही बंद नळ्यांची. यातलं ऑइल इंजिन ऑइलसारखं जळून किंवा उडून जात नाही. ते कमी झालं तर त्याला कारण असतंच. चांगला मिस्त्री आधी चाकं बघतो. पॅड संपले असतील तर पॅड बदलतो, पिस्टन मागे दाबतो, आणि ऑइलची पातळी आपोआप वर येते. मध्येच कुणी ऑइल काठोकाठ भरलेलं असेल तर पिस्टन मागे दाबताना ते डबीतून बाहेर सांडतं. हे ऑइल रंगाचा शत्रू आहे. बॉडीवर पडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवायचं, नाहीतर रंग फुगून सुटतो.

रंग आणि खुणा

चावी फिरवली की मीटरमधले सगळे दिवे एकदम लागतात आणि इंजिन सुरू झाल्यावर विझतात. ही दिव्यांची हजेरी असते. रोज दोन सेकंद थांबून बघावी. जो दिवा हजेरीला लागलाच नाही, तो संकटातही लागणार नाही. जुनी गाडी घेताना तर हे आवर्जून बघा, कारण त्रास देणारा दिवा काढून ठेवणारे लोक असतात.

लाल म्हणजे सुरक्षित जागा बघून थांबा, नारिंगी म्हणजे गाडी चालेल पण दाखवून घ्या, हिरवा-निळा म्हणजे नुसती माहिती. वर्तुळातला इंग्रजी 'पी' हँडब्रेकचा. काही गाड्यांत हँडब्रेक आणि ऑइल दोन्हींसाठी उद्गारचिन्हाचा एकच दिवा असतो, म्हणून आधी हँडब्रेक पूर्ण उतरलाय का ते बघायचं. अर्धवट उतरलेला हँडब्रेक घेऊन मैलोन्‌मैल गेलेल्या गाड्या मिस्त्रींकडे रोज येतात.

पॅडचा स्वतंत्र दिवा असतो तो नारिंगी: वर्तुळ, आणि दोन्ही बाजूंना अखंड कंसाऐवजी तुटक रेघांचे कंस. बीएमडब्ल्यू, मर्सिडीज, ऑडी अशा गाड्यांत तो मिळतो. त्याची करामत साधी आहे. पॅडच्या लायनिंगमध्ये ठरावीक खोलीवर एक बारीक तार पुरलेली असते. पॅड तिथवर झिजला की फिरणारी डिस्क ती तार कापते, विजेचा मार्ग तुटतो, दिवा लागतो. तार एकदा तुटली की पॅडबरोबर तो सेन्सरही बदलावा लागतो. अशी गाडी असली तरी मन निर्धास्त ठेवू नका, कारण बऱ्याचदा हा सेन्सर पुढच्या एका आणि मागच्या एकाच चाकाला असतो. दुसऱ्या बाजूचा पॅड आधी संपला तर त्याला पत्ता नसतो.

'एबीएस' अक्षरांचा नारिंगी दिवा वेगळ्या गोष्टीचा आहे. एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे सर्व नव्या मोटारींना एबीएस सक्तीचं झालं. प्रत्येक चाकाजवळ वेग मोजणारा सेन्सर असतो. जोरात ब्रेक दाबल्यावर एखादं चाक फिरायचं थांबून घसरायला लागलं तर यंत्रणा त्या चाकाचा दाब क्षणात सोडते-धरते. त्या वेळी पेडल पायाखाली थरथरतं, गुरगुर ऐकू येते. घाबरून पाय काढायचा नाही, दाबून धरायचा. हा दिवा एकटाच लागला तर साधा ब्रेक शाबूत आहे, फक्त चाकं घसरू न देण्याची मदत बंद झाली आहे. कारण बहुतेकदा किरकोळ निघतं: सेन्सरवर चिखल, तुटलेली वायर, आणि पावसाळ्यात इंजिनाच्या उबेला आलेल्या उंदरांनी कुरतडलेली वायर.

पण एबीएसचा नारिंगी आणि उद्गारचिन्हाचा लाल दोन्ही एकत्र लागले, तर ते गंभीर घ्या. पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटून देणारी यंत्रणाही एबीएसच्याच पेटीत असते, आणि ती बंद पडली असण्याची शक्यता आहे. जोरात ब्रेक दाबला तर मागची चाकं आधी अडकून गाडीचं ढुंगण फिरू शकतं, पावसात तर नक्कीच.

आणि सर्वांत वाईट प्रसंग: लाल दिवा लागलाय आणि पेडल मऊ पडलंय, खोल जातंय. म्हणजे ऑइल फुटून बाहेर चाललंय. अशा वेळीही ब्रेक सहसा पूर्ण जात नाही, कारण मास्टर सिलिंडरमध्ये दोन वेगळे कप्पे असतात, प्रत्येक कप्पा दोन-दोन चाकं सांभाळतो. एक गेला तरी दुसरा उरतो, फक्त पेडल खूप खाली जाऊन लागतं आणि गाडी थांबायला जास्त अंतर घेते. पेडल भराभर दाबत राहा, गिअर एकेक उतरवा, हँडब्रेक हळूहळू ओढा, झटका देऊन नाही. धोक्याचे दिवे लावून बाजूला थांबा आणि तिथून गाडी टो करूनच न्या. घाटात इंजिन मात्र कधीही बंद करू नका. पेट्रोल वाचवायला उतारावर इंजिन बंद करून न्यूट्रलमध्ये गाडी सोडण्याची जुनी सवय अजून आहे, आणि ती जीव घेणारी आहे. पायाचा जोर वाढवणारा बूस्टर इंजिनाच्या ओढीवर चालतो. इंजिन बंद झालं की दोन-तीन दाबांपुरती शिल्लक राहते, त्यानंतर पेडल दगडासारखं कडक होतं.

कान आणि डोळे

दिवा नसला तरी बऱ्याच पॅडना एक साधी व्यवस्था दिलेली असते. पॅडच्या मागच्या पट्टीला पोलादाची एक वाकडी जीभ बसवलेली असते. लायनिंग दोन-तीन मिलिमीटरवर आलं की ती जीभ डिस्कला टेकते आणि कानाला टोचेल अशी बारीक शिट्टी वाजायला लागते. काही गाड्यांत ही शिट्टी ब्रेक दाबल्यावर येते, काहींत नुसती चालतानाच येते आणि ब्रेक दाबला की थांबते. ही शिट्टी मुद्दाम दिलेली आहे. ती ऐकू आली की आठवड्याभरात पॅड बघून घ्यायचे. काचा बंद, एसी आणि गाणी चालू, यात ती हरवते; म्हणून कधीतरी भिंतीलगतच्या गल्लीतून काचा खाली करून, गाणी बंद करून हळू गाडी चालवा. भिंतीवरून परतणारा आवाज स्पष्ट ऐकू येतो.

खर्रर्र आवाज म्हणजे लोखंडावर लोखंड. तिथे आठवड्याची मुदत नाही. त्याच दिवशी गाडी थांबवायची. पॅडच्या जोडीला डिस्कही जाते, आणि जास्त ताणलं तर पिस्टन इतका बाहेर येतो की सील सुटण्याची भीती असते.

प्रत्येक आवाजाला मात्र घाबरू नका. पावसाळ्यात रात्रभर उभ्या गाडीच्या डिस्कवर सकाळी नारिंगी गंज दिसतो. पहिल्या चार-पाच ब्रेकना खरखर येते, मग डिस्क पुसून लख्ख होते. हे नैसर्गिक आहे. इलेक्ट्रिक गाड्यांत हे जास्त दिसतं, कारण तिथे वेग कमी करण्याचं बरंचसं काम मोटरच करते; पॅड वर्षानुवर्षं टिकतात पण कमी वापरामुळे डिस्क गंजते. त्यांना अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर खणखणीत ब्रेक दाबून डिस्क स्वच्छ करणं चांगलं.

ब्रेक दाबल्यावर पेडल आणि स्टिअरिंग धडधडतं, तर डिस्कची जाडी सगळीकडे सारखी उरलेली नाही. गाडी एका बाजूला ओढते, किंवा थांबल्यावर एकाच चाकाची रिम इतरांपेक्षा फार तापलेली लागते आणि जळका वास येतो, तर त्या बाजूचा कॅलिपर अडकलाय. रिमला हात लावू नका, उलटा तळवा जवळ नेला तरी फरक कळतो.

आता बघायचं कसं. अलॉय चाक असेल तर आऱ्यांमधून मोबाइलचा टॉर्च मारला की बाहेरचा पॅड दिसतो. पोलादी पट्टी आणि डिस्क यांच्या मधला काळपट थर म्हणजे लायनिंग. नव्या पॅडला ते १०-१२ मिलिमीटर असतं. ३ मिलिमीटरवर आलं की बदलायची वेळ. खिशातली एक रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवा, साधारण तेवढी जाडी होते. बऱ्याच पॅडच्या मधोमध एक उभी खाच असते; ती नाहीशी होत आली असेल तर माप न घेताही उत्तर मिळतं. पत्र्याच्या रिमला कॅप असेल तर बाहेरून दिसणं कठीण, तिथे दर सर्व्हिसला चाक उतरवूनच बघायला सांगा.

पण बाहेरचा पॅड बघून समाधान मानू नका. माझ्या गाडीत बाहेरचा पॅड चार मिलिमीटर शिल्लक होता आणि आतला शून्य. बहुतेक गाड्यांत पिस्टन आतल्या बाजूला एकच असतो. तो आतला पॅड दाबतो, आणि त्याच जोराने अख्खा कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढून घेतो. त्या पिना वंगण सुकून किंवा गंजून घट्ट झाल्या की कॅलिपर सरकत नाही, आणि सगळा भार आतल्या पॅडवर पडतो. कोकणातल्या खाऱ्या, दमट हवेत पिना लवकर धरतात. मिस्त्रींनी माझ्या गाडीची खालची पिन पान्याने ठोकून काढली, तेव्हा तिच्यावर तांबूस पावडर होती आणि पिनेवरचं रबरी आवरण फाटलेलं. पॅड बदलताना या पिना साफ करून उष्णता सहन करणारं ग्रीस लावलंय ना, हे विचारायला लाजू नका. नुसते पॅड बदलून पिना तशाच ठेवल्या तर सहा महिन्यांत पुन्हा तेच.

सर्व्हिसला मी आता एकच वाक्य लिहून घेते: चारही चाकांचे, आतले आणि बाहेरचे पॅड, मिलिमीटरमध्ये. 'ब्रेक ओके' या दोन शब्दांतून काहीच कळत नाही. 'पुढे डावा आत ५, बाहेर ६' यातून सगळं कळतं. दहा हजार किलोमीटरला किती झिजले ते समजलं की पुढचं गणित आपल्यालाच मांडता येतं. शहरातल्या गर्दीत, ऑटोमॅटिक गाडीत, घाटांच्या रस्त्यावर पॅड लवकर जातात. हायवेवर रमतगमत चालणाऱ्याचे दुप्पट टिकतात. ठरावीक किलोमीटरला पॅड बदलाच असं म्हणणाऱ्यावर म्हणूनच विश्वास ठेवता येत नाही, आणि 'अजून चालतील' म्हणणाऱ्यावर तर मुळीच नाही.

मागच्या चाकांना आपल्याकडे बऱ्याच गाड्यांत अजून डिस्कऐवजी ड्रम, म्हणजे आतून ब्रेक लागणारे गोल डबे, असतात. त्यातले शू, म्हणजे तिथले पॅडच, हळू झिजतात, कारण ब्रेक लावला की गाडीचं वजन पुढे झुकतं आणि जास्त काम पुढची चाकं करतात. हँडब्रेक पूर्वीपेक्षा बरेच दात जास्त वर येऊ लागला की ड्रम उघडून बघा.

ऑइलबद्दल एक राहिलं. डबीवर डॉट ३ किंवा डॉट ४ लिहिलेलं असतं, तेच वापरायचं. हे ऑइल हवेतली वाफ शोषतं. ताजं डॉट ४ किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पण त्यात जेमतेम पावणेचार टक्के पाणी मिसळलं की ती हमी १५५ अंशांवर येते. घाटात कॅलिपर तापून ऑइल तेवढं गरम झालं तर नळीत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र दबते; पेडल थेट खाली जातं आणि ब्रेक लागत नाही. डबी भरलेली असते, त्यामुळे दिवाही लागत नाही. म्हणून साधारण दर दोन वर्षांनी ऑइल बदलायचं, आपल्या दमट हवेत तर न चुकता.

नवे पॅड बसवून गाडी हातात मिळाली की गिअर टाकण्याआधी जागेवर उभ्यानेच पेडल चार-पाच वेळा दाबा. पिस्टन मागे ढकललेला असतो, त्यामुळे पहिल्या दाबाला पेडल तळाला जातं आणि ब्रेक लागतच नाही. चांगले मिस्त्री हे स्वतः करून देतात. त्या संध्याकाळी आमच्या मिस्त्रींनी मला सीटवर बसवलं, स्वतः चाकाजवळ उभे राहिले आणि म्हणाले, "दाबा ताई. अजून. अजून." चौथ्या दाबाला पेडल वर आलं, टणक लागलं. मग त्यांनी बॉनेट उघडून डबी दाखवली. ऑइल 'मॅक्स'च्या रेघेच्याही वर चढलं होतं. त्यांनी सिरिंजने जास्तीचं ओढून काचेच्या ग्लासात घेतलं. घाटाखाली ओतलेलंच ते ऑइल होतं, अर्ध्या कटिंगएवढं.